दापोडीचं माहेर

आमच्या घरातलं कुणी पुण्याला निघालं आणि तिथं मासे खायचा बेत असला, की हमखास मला फोन येतो. केरळी जेवण कुठं चांगलं मिळतं, अमुक हॉटेल खरं की नुसती पाटीच मोठी, हे मला विचारल्याशिवाय आमची पोरं आत पाऊल टाकत नाहीत. शिनोलीत वाढलेली, जन्मभर मंचरच्या शाळेत गणित शिकवलेली ही बाई, हिला केरळचं काय कळतं, असं नव्या सुनांना वाटतं. मी तरी कुणाकुणाला समजावत बसू. एवढंच सांगते, की माशाची आमटी मागवा, तिच्यात काळी आंबट फोड सापडते का बघा, नाही सापडली तर दही-भात खाऊन उठा. आता फोनवर बोट फिरवलं की मंचरमध्येसुद्धा कुणीतरी गाडीवरून परोठे घेऊन दारात उभा राहतो, त्यामुळे शोधायचं असं काही उरलेलंच नाही. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी रविवारमागून रविवार पुण्यात हेच शोधत फिरले होते, आणि तेही खायच्या हौसेने नव्हे. ते एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

माझी आई मी पाय टाकायला लागायच्या आतच गेली. मला वाढवलं ते काकूने. माझा धाकटा काका, दत्ताकाका, घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात ॲम्ब्युलन्स चालवायचा आणि काकू तिथं नर्स होती. ती केरळातली, कोट्टायमकडची. नाव मरियम्मा. दोघांनी रजिस्टर लग्न केलं तेव्हा म्हणे आठवडाभर सगळं गाव काही ना काही निमित्त काढून आमच्या ओसरीवर चहा प्यायला येत होतं, नवरी बघायला. आजी तशी मोठी खमकी. तिने पहिल्याच दिवशी सुनेचं नाव मीरा ठेवलं, तिच्या ट्रंकेतली येशूची तसबीर काढून देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी मांडली, आणि आमच्याकडचा वाद तिथंच मिटवून टाकला. काकूच्या घरचा वाद मात्र मिटला नाही. हिंदू ड्रायव्हरशी लग्न केलं म्हणून तिच्या भावाने तिचं नाव टाकलं होतं. तो तिकडं कुठल्याशा शाळेत मास्तर होता. त्याच्याकडून कधी कुणी आलं नाही, कधी दोन ओळी आल्या नाहीत. काकूही त्याबद्दल बोलायची नाही. तिला मूलबाळ नव्हतं, मला आई नव्हती. मी तिच्याच अंथरुणात झोपायची, ती मला 'मोळे' म्हणायची. तिच्याकडे लेकीला असं म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

आमचं घर कौलारू, पुढं ओसरी, मागं पडवी, आणि पडवीपलीकडं भाताची खाचरं. घरात मराठी एकच चालायची, आमची ठसठशीत आंबेगावी. काकू ती पेशंटांकडून आणि आजीकडून शिकली, त्यामुळे बोलायला लागली की 'लई', 'व्हतं', 'न्हाई' सगळं जागच्या जागी, फक्त चाल वेगळी. नवा माणूस चक्रावून तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. बोलायची मात्र अगदी हळू. हसली तरी ओठ मिटून. तिच्या भाकरी थापण्याचा आवाजसुद्धा आमच्यापेक्षा हळू आणि लांबलेला. दादा, म्हणजे माझे वडील, बाहेर गोठ्यात बसून सांगायचे, की आज सिस्टर करतीय भाकरी. तिने आमचं सगळं शिकून घेतलं, पिठलं, हुलग्याची शेंगोळी, अगदी मासवडीसुद्धा, जी उलगडली तर आजी दिवसभर ऐकवायची. तिचं स्वतःचं असं एकच होतं. दवाखान्यातली केरळचीच दुसरी एक नर्स गावी गेली की काकूसाठी कुडंपुळीची पुडी आणायची. कुडंपुळी म्हणजे वाळवून धुरावलेली काळी आंबट फोड, दिसायला आमसुलाची थोरली बहीण, पण चव निराळी. ती आली की काकू मागच्या पडवीत तीन दगड मांडून मातीच्या भांड्यात माशाची आमटी करायची, खोबरेल तेलात. घरातल्या चुलीवर ते तेल चढवायला आजीची बंदी होती. डोक्याला लावायचं त्याल पोटात घालायचं का, असं ती दर वेळी म्हणायची आणि पदर नाकाला लावून पुढच्या ओसरीवर जाऊन बसायची. आमटी केल्या दिवशी खायची नाही, दुसऱ्या दिवशी खायची, असा काकूचा नियम. ती आणि मी दोघीच पडवीत बसून खायचो. पुढं त्या दुसऱ्या नर्सची बदली झाली आणि पुडी यायची बंद झाली. ट्रान्झिस्टरवर कधीतरी मल्याळी लागायचं म्हणून काकू संध्याकाळी त्याला कान लावून बसायची. बहुतेक वेळा नुसती खरखरच ऐकू यायची, तरी बसायची. माणसांनी भरलेल्या घरात ती किती एकटी होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ती मला होती ना, मग तिला कोण आहे याचा विचार कोण करतं.

मी कॉलेजसाठी पुण्याला गेले आणि त्याच वर्षी काका गेला. छातीत कळ आली आणि ज्या गाडीतून त्याने सगळ्या तालुक्याला दवाखान्यात पोचवलं तिच्यातच तो गेला. मी घरी आले तेव्हा काकू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकी पिठलं-भाकरी आणून वाढते. तेरावा झाला की घराचं सुतक फिटतं, पण नवरा गेलेल्या बाईचं फिटत नाही. तिचा दुखवटा तिच्या माहेरने काढायचा असतो. भाऊ येतो, साडी आणतो, माहेरच्या चुलीवर शिजलेलं अन्न आणतो आणि पहिला घास स्वतःच्या हाताने तिला भरवतो. मग ती कोपऱ्यातून उठते, चुलीला हात लावते, उंबरा ओलांडते. तोवर ती बसूनच. दादांनी तिच्या भावाला तार केली होती. तेरावा झाला, त्यावर आणखी एक आठवडा गेला, कोट्टायमहून कुणी आलं नाही.

आजीने मग मार्ग काढला. ती म्हणाली, आपल्या सुमीच्या मामाला बोलावू. सुमी म्हणजे मी. मामा धर्माचा भाऊ म्हणून घास भरवील, आणि सिस्टर कामावर जायला मोकळी होईल. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईही दोनदा येऊन गेल्या होत्या, रजा संपत आली म्हणून. सगळ्यांना वाटलं, शिकली-सवरलेली बाई, धर्माने ख्रिश्चन, हिला या रीतीभातीचं काय. ती लगेच हो म्हणेल. काकू इतक्या वर्षांत पहिल्यांदा आजीला नाही म्हणाली.

"आत्याबाई, रीत तुमचीच हाय," ती म्हणाली. "मी तुमची एक रीत मोडली न्हाई. आता माझ्या माहेरचं माणूस येऊ द्या, माझ्या माहेरच्या चुलीवरलं आणू द्या. मग उठते."

"आन् न्हाईच आलं तर?" आजीने विचारलं.

"तर बसते."

आजीपुढं कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण आजी चिडली नाही. तिच्या लक्षात आलं होतं आणि माझ्या आता लक्षात येतं, की लग्नापासून काकूला माहेर मागायचा हक्क पहिल्यांदाच मिळाला होता. सणाला नाही, आजारपणात नाही, तो आमच्या रीतीने तिला आता दिला होता, आणि ती तो सोडणार नव्हती. सकाळ-संध्याकाळ अर्धी भाकरी आणि पाणी, एवढ्यावर ती होती. ज्या हातांनी तालुक्यातली निम्मी पोरं पहिल्यांदा उचलली ते हात मांडीवर तसेच पडलेले. मी शेजारी जाऊन बसले तर माझ्या केसांवरून हात फिरवायची, पण बोलायची नाही. मी पुण्याला परत निघाले तेव्हा एसटीत बसल्या बसल्या रडायला लागले आणि राजगुरूनगर येईतोवर रडत होते. मला दुसरी आई मिळणार नव्हती. हिला उठवायचं तर हिचं माहेर कुठून तरी आणायला हवं, आणि कोट्टायम काही मला झेपणारं नव्हतं. पुण्यात केरळची माणसं पुष्कळ आहेत हे मात्र मी बघितलं होतं.

त्या काळी एकट्या पोरीने हॉटेलात जेवायला जाणं सोपं नव्हतं. पहिल्या रविवारी मी कॅम्पात केरळ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या एका हॉटेलात शिरले. वेटरने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही न विचारता पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये नेऊन बसवलं. फॅमिली म्हणून मी एकटीच. समोरच्या तीन खुर्च्या रिकाम्या, पडद्यापलीकडं माणसांचा गलका, आणि मी माशाची आमटी मागवून वाट बघत बसलेली. आली ती लालभडक आणि चिंचेची. मी बोटाने तळ ढवळून फोड शोधली, नाही सापडली. मालकाला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं की तो उडुपीचा, केरळचं नाव चालतं म्हणून लावलंय. वर इडली खाऊन जा म्हणाला. इडली चांगली होती, ते कबूल करायला हवं.

दुसऱ्या रविवारी खडकी बाजार. तिथं दोन ठिकाणी गेले. एकात आचारी तमिळ होता. दुसरं हॉटेल मलबारच्या एका मुसलमान गृहस्थांचं. तिथले परोठे असे पापुद्र्याचे आणि मऊ, की मी कशासाठी आलेय हे विसरून दोन खाल्ले आणि मग काकूची अर्धी भाकरी आठवली. आमटीत इथं कैरी होती. पांढऱ्या दाढीचे ते मालक गल्ल्यावरून उठून माझ्या टेबलाशी आले आणि जेवणात काही कमी आहे का म्हणून हिंदीत विचारू लागले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पुण्यात तोवर मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हॉस्टेलच्या मुली रविवारी सिनेमाला जात, मला विचारत, मी काहीतरी कारण सांगे. मी त्या मालकांना म्हटलं की तुम्ही केरळचे ना, मग तुम्हीच चला, तिला घास भरवा. ते समोरची खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले की बेटी, केरळ एवढासा दिसतो, पण त्यात मी तिचा कुणी लागत नाही. कोट्टायमची ख्रिस्ती माणसं वेगळी, त्यांची चूल वेगळी. दापोडीला चर्चच्या मागं कामगारांची एक मेस आहे, तिथं जा.

मला हे आधीच कळायला हवं होतं. पुणेकरांना जुन्नर, आंबेगाव, खेड सगळं एकच वाटतं म्हणून आम्हीच हसायचो. आमच्याकडे आण्याच्या पठारावरची बाजरीची भाकरी वेगळी आणि डिंगोरे गावची वेगळी, आणि सोयरीक जमवताना तर दोन कोसांवरचं गावही परकं. आणि मी मात्र अख्ख्या केरळाला एका भांड्यात घालून ढवळत होते.

दापोडीची मेस म्हणजे पत्र्याची लांबट शेड होती. दोन बाकं, दोन लांब टेबलं, कोपऱ्यात पाण्याचा पिंप. पाटीबिटी काही नाही. रविवारची प्रार्थना सुटलेली, त्यामुळे कारखान्यांतली केरळी माणसं पांढरे कपडे घालून जेवायला आलेली. पडदा नव्हता, मी त्यांच्याचमध्ये एका टोकाला बसले. खोबरेल तेलात कढीपत्ता पडल्याचा वास आला आणि मला एकदम आमची मागची पडवी आठवली. जाड तांबूस भात, आणि आमटी. फोड बोटाला लागली ती वाटीच्या तळाशी, काळी, मऊ झालेली. मी ती तोंडात धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते काही केल्या थांबेना. वाढणारी बाई, जाडजूड, गळ्यात क्रूस, हातात भाताचं पातेलं, माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "एन्दा मोळे?"

काय झालं पोरी, असं ती विचारत होती. घराबाहेर मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. तिचं नाव लीलाम्मा. तिचा नवरा पौलोस पलीकडच्या एका कारखान्यात फिटर होता. मोडक्या हिंदी-मराठीत तिने मला उलटसुलट प्रश्न विचारले. काकूचं गाव कुठलं, चर्च कुठलं, घराण्याचं नाव काय. मला यातलं काही सांगता येईना. घरामागं नदी होती आणि भाऊ मास्तर, एवढंच मला माहीत. लीलाम्माने मान हलवली. ओळख ना पाळख, परक्या बाईच्या घरी दुःखात कसं जायचं, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण जेवण देते म्हणाली. पुढच्या शनिवारी तिने स्टीलचा मोठा डबा भरून दिला आणि मी तो मांडीवर घेऊन भीमाशंकर गाडीत बसले. आमटी कालची होती, मुद्दाम. शेजारचे माळकरी बाबा चाकण येईपर्यंत सोसत होते, मग उठून मागं जाऊन उभे राहिले. मला कशाचीच लाज वाटत नव्हती. मी जिंकून चालले होते.

काकूने डबा उघडला. वास घेतला. फोड बोटाने बाजूला करून बघितली, आणि तिचा चेहरा असा झाला की आता ती खाणार असं मला वाटलं. मग तिने झाकण लावलं.

"कुणी आणलं?"

"मी आणलं. दापोडीहून. तिथं तुमच्याकडची बाई आहे."

"ती आली न्हाई?"

काकूने मला जवळ ओढलं. रागावली नव्हती, हेच मला जास्त लागलं. "तू माझ्या सासरची पोर, मोळे," ती म्हणाली. "तुझ्या हातून माहेर कसं येईल?" तिने घासभरही खाल्लं नाही. दादांनी आणि मी ती आमटी संपवली, आणि मला ती गोड लागली नाही. पण काकू उठली तेवढ्यापुरती. डबा स्वतः घासला, पुसला, आणि परक्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही म्हणून आमच्या खाचरातला आंबेमोहोर तांदूळ त्यात काठोकाठ भरून दिला.

लीलाम्माने मेसमध्ये तो डबा उघडला तेव्हा मी समोर होते. तांदळात तिने हात घातला, वास घेतला आणि आनंदाने विचारलं, काय म्हणाली, आवडलं का. मी सांगितलं, खाल्लं नाही, कुणी आली का म्हणून विचारत होती. लीलाम्माने हातातलं पळी-पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. दोघांचं त्यांच्या भाषेत बराच वेळ चाललं होतं. जेवणारी माणसंही त्यात पडली, सगळे एकदम बोलू लागले. मला एक शब्द कळत नव्हता, पण भांडण माझ्या बाजूने चाललंय एवढं कळत होतं. शेवटी पौलोसने मला विचारलं की शिनोलीला गाडी किती वाजता असते.

पुढच्या रविवारी दोघं चर्चचे कपडे घालून आमच्या ओसरीवर उतरली. पौलोसच्या हातात पांढऱ्या साडीचं पुडकं, लीलाम्माच्या डोक्यावर केळीच्या पानांनी बांधलेली टोपली. काकू कोपऱ्यातून बघत होती. लीलाम्मा तिच्यापुढं बसली आणि काहीतरी विचारलं. काकूने तोंड उघडलं आणि मराठीतच उत्तर दिलं. मग तिलाच ते कळलं. ती अडखळली, पुन्हा सुरुवात केली, दोन शब्द त्यांचे, तिसरा आमचा, आणि मग एकदम बांध फुटावा तशी तिची भाषा बाहेर आली. ती बोलत होती आणि रडत होती. आम्ही सगळी दारात उभी होतो, आणि आमच्यातल्या कुणालाही ती काय बोलतेय ते कळत नव्हतं. इतकी वर्षं तिच्या कुशीत झोपलेली मी, मला वाटलं ही बाई कोण आहे. पौलोसने भात कालवून पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. धाकट्या भावाने न्यावा तसाच, मान जरा खाली घालून. काकूने खाल्लं. आजीने हात जोडले आणि मी मागच्या पडवीत जाऊन पोटभर रडले, आनंदाने. मला वाटलं, झालं आपलं काम.

पण रीत तिथं संपत नाही. दुखवटा काढायला आलेलं माहेर बाईला चार-पाच दिवस विसाव्याला घेऊन जातं. मी लहान, मला हे आठवलंच नव्हतं. आजीला आठवलं. तिनेच ओसरीवर पौलोसला सांगितलं, "पावणं, घास दिलात, आता न्या बी तिला. अर्धी रीत आमच्यात चालत न्हाई." काकूने आजीकडं बघितलं, आजीने मान हलवली. दुपारच्या गाडीने तिघं गेली. काकू खिडकीतून म्हणाली, येते गं चार दिसांनी.

विसाव्याला गेलेल्या बाईला सासरच्या माणसाने जाऊन आणायचं असतं. आठवडा झाला तेव्हा दादांनी मलाच सांगितलं, की तूच जा, तुझ्याबरोबर येईल ती मुकाट्यानं. घरी आजी रोज विचारत होती. दादांनी वाढवून घेतलेली रजाही संपली होती, सोमवारपासून काकूची ड्यूटी होती. मी सकाळीच दापोडीला पोचले. शेडच्या बाहेरूनच कुणाचं तरी मोठ्याने हसणं ऐकू आलं, तोंड उघडून, घसा मोकळा सोडून. आत गेले तर ती काकू होती. खोबरं खवत बसली होती, केसांना तेल चोपडलेलं, आणि बाकावरच्या कुणाला तरी तिथूनच ओरडून काही सांगत होती. तो माणूस हसत होता, लीलाम्मा हसत होती. आमच्या घरात तिचा आवाज पुढच्या ओसरीपर्यंत कधी पोचला नव्हता. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला फार एकटं वाटलं. इतकं की परत फिरावं, हिने मला बघूच नये.

तिने बघितलं. हसू तिथंच थांबलं. खोबरं खाली ठेवून ती उठली, पदराला हात पुसले, आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती पिशवी घेऊन. पिशवी भरलेली होती. केव्हापासून भरून ठेवली होती कोण जाणे. मला उशीर झाला असता तरी ती तशीच भरलेली राहिली असती आणि मी आले नसते तर ती स्वतःच्या पायांनी निघून आली असती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आमची एकही रीत तिने मोडली नव्हती, हीसुद्धा मोडणार नव्हती.

"चल," ती म्हणाली. नेहमीच्या त्या हळू आवाजात.

मी गाडीत पाठ करून आले होते ते सगळं माझ्या तोंडाशी होतं. आजी वाट बघतेय, डॉक्टर बाईंचा निरोप आहे, मला तुझ्याशिवाय करमत नाही. "मी न्यायला नाही आले, काकू," मी म्हटलं. "जेवायला आलेय."

तिने माझ्याकडं खूप वेळ बघितलं. आमच्यात पोरीने खोटं बोलायचं नाही, असं तिनेच मला शिकवलं होतं, आणि मी खोटं बोलले की तिला लगेच कळायचं. पुढं तिने रजा आणखी वाढवली, मग पुण्याला बदली मागून घेतली, आणि शेवटपर्यंत दापोडीलाच राहिली. दिवाळीला शिनोलीला यायची, आजीसाठी लुगडं घेऊन यायची. पण ते सगळं नंतर. तेव्हा ती फक्त आत गेली, पिशवी ठेवून आली, आणि माझ्यापुढं पान मांडून भात वाढला, आमटी वाढली. मी सावकाश जेवले. पुन्हा भात मागितला, पोटात जागा नव्हती तरी. जेवण संपलं की मला एकटीला गाडी धरायची होती, आणि घरी जाऊन ती का आली नाही ते सांगायचं होतं.